पन्नास पावलांवरची खुर्ची

माणसं लांबून बघायला बरी असतात. जवळ आली की ती एकतर काही मागतात, नाहीतर काही सांगतात, आणि मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

हे मी उगाच म्हणत नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं बसते आहे. ज्या गावचा माणूस त्या खिडकीत डोकं घालून माझ्यावर ओरडला नाही, असं विदर्भातलं एखादं गाव मला दाखवा. पहाटेची एसटी पकडून येतात, तोंड न धुता रांगेत लागतात आणि दहा वाजले की त्यांची खात्री पटते की डॉक्टर मीच कपाटात कोंडून ठेवला आहे. "म्याडम, आमचा नंबर काहून नाही आला अजून?" "बसा. आला की बोलावते." ते बसत नाहीत. मग माझा आवाज चढतो, त्यांचाही चढतो. वर्षातून तीन-चार वेळा माझी तक्रार वरपर्यंत जाते. एकदा वरच्या साहेबांनी बोलावून समजावलं, जरा हसून बोलत जा. मी म्हटलं, हसणारी हवी होती तर मुलाखतीच्या वेळीच दात बघायचे होते.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मी गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत टाकते आणि बाजूच्या गल्लीत कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसते. समोर तीच माणसं असतात, सकाळची. आता मी त्यांची कोणी नसते. रुग्णासाठी म्हणून शहाळं घेणारे आणि दाराआड उभं राहून अर्धं स्वतःच पिणारे जावई मी पाहिले आहेत. सकाळी माझ्या खिडकीवर हात आपटून गेलेला एक माणूस एकदा तिथेच फुटपाथवर बसून बायकोची वेणी घालत होता. तिच्या हाताला सलाईनची सुई होती, म्हणून तिला घालता येत नव्हती. वेणी वाकडी होत होती, ती त्याला बोलत होती, तो पुन्हा सोडून पुन्हा घालत होता. खिडकीतून तो मला बैल वाटला होता. कट्ट्यावरून मी अर्धा तास त्याच्याकडे बघत राहिले आणि डोक्यातली कटकट आपोआप खाली बसली. डबा संपवून मी परत खिडकीत गेले आणि त्याच्यानंतरच्या माणसावर ओरडले.

घरी आई. वय एकोणऐंशी, माहेर सावनेरकडचं, जिभेला धार अजून तशीच. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. 'माझ्याकडे' हा शब्द ती मान्य करणार नाही. तिच्या मते मीच तिच्याकडे आहे, कारण माझं लग्न झालं नाही. आमची सुरुवात सकाळच्या चहापासून होते. चहा फिका. पोळी जाड. टीव्हीचा आवाज मी कमी केला तर, "मेली का मी?" मी चपला घातल्या की, "कुठं चालली?" बावीस वर्षं मी रोज त्याच वेळी त्याच दवाखान्यात जाते, तरी रोज हेच. मीही काही कमी नाही, खाण तशी माती. मी सांगते, "मसणात." ती म्हणते, "येताना कोथिंबीर आणजो."

मोठा भाऊ नागपुरातच, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या बायकोचे गुडघे दुखतात आणि आईचं नाव काढलं की जास्त दुखतात. पण आमचा एक करार होता. वर्षातले चार दिवस आई त्याच्याकडे आणि मी समुद्रावर.

नागपूरच्या माणसाला समुद्राचं कौतुक सांगायला गेलं की तो फुटाळ्याचं नाव काढतो. फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही चौपाटी म्हणतो आणि तसं म्हणताना कोणाला काही वाटत नाही. रविवारी मी तिथेही जाते. कठड्यावर बसते, भुट्टा खाते आणि एकमेकांचे फोटो काढणाऱ्या कुटुंबांकडे बघते. पण तिथे ओळखीचं कोणीतरी निघतंच. "ओळखलं का म्याडम? माझ्या सासऱ्याले आणलं होतं तुमच्या दवाखान्यात." मग सासऱ्याची सगळी कथा ऐकावी लागते.

बारा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या एका भांडणानंतर मला सक्तीनं रजेवर पाठवलं. घरी बसले असते तर आमच्या दोघींपैकी एकच उरली असती. नागपूरहून थेट कोकणात जाणारी गाडी आहे हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले, एका लहान गावात घरगुती खोली मिळाली आणि समुद्रावर जाऊन बसले. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं. समुद्र नंबर कधी येणार म्हणून विचारत नव्हता. तेव्हापासून दरवर्षी तीच गाडी, तीच खोली, दक्षिणेच्या टोकाला काळ्या खडकांवरची तीच जागा. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस मी कोणाचा खून केला नाही, त्याचं श्रेय या चारांना आहे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कोणीतरी सोबत आलं असतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी बॅग भरून तयार होती. गाडीच्या आदल्या संध्याकाळी भावाचा फोन आला.

"पाहून घे ना वं या वर्षी. पोरीची दहावी आहे. घरात म्हातारं माणूस असलं का तिचा अभ्यास होत नाही."

"दहावी आहे हे तुले आज समजलं का?"

"तू पुढच्या महिन्यात जाय ना. समुद्र का पळून चालला?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तेव्हा आई दारात उभी होती. तिला कमी ऐकू येतं, पण ऐकू नये ते सगळं येतं. ती म्हणाली, "मी राहीन ना एकटी." त्याआधीच्या दिवाळीत ती न्हाणीघरात पडली होती आणि मी कामावरून येईपर्यंत तीन तास तिथेच पडून होती. हे तिलाही आठवत होतं, मलाही. मी म्हटलं, "बॅग भर."

"मले नाही पाहाचा समुद्र. समुद्र म्हंजे काय, मोठा फुटाळाच ना?"

"बॅग भर म्हटलं ना!"

प्रेमानं नेलं असं कोणी समजू नये. मी तिला रागानं नेलं. माझे चार दिवस मी सोडणार नव्हते आणि तिला एकटी ठेवणार नव्हते, एवढंच त्या निर्णयात होतं.

गाडीत तिनं अख्ख्या डब्याला माझी ओळख करून दिली. "लगन नाही केलं इनं. जमतच नाही इचं कोणासंग." समोरची बाई माझ्याकडे दयेनं बघू लागली, तेव्हा मी वरच्या बर्थवर चढले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पोहोचलो तेव्हा खोलीची मालकीण दारातच म्हणाली, "यंदा एकट्या नाही आलात का? बरं झालं हो, सोबत झाली." ही बाई अकरा वर्षं मला आवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. आई नागपूरच्या मे महिन्यासाठी निघावी तशी निघाली होती. डोक्याला दुपट्टा गच्च बांधलेला, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, आणि ऊन लागू नये म्हणून एक कांदा. ओहोटी होती. वाळू लांबपर्यंत उघडी पडली होती. ती सरळ चालत पार पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तलावाच्या काठी बसतात तशी तिथे बसली आणि चपला, पिशवी, बाटल्या शेजारी ओळीनं मांडल्या. आमच्याकडे पाण्याची कड जिथे असते तिथेच असते. पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, पण तिला महिने लागतात. जन्मभर तलाव आणि विहिरी पाहिलेल्या बाईला दुसरं काय माहीत असणार?

मी म्हटलं, "थोडी वर बस."

"काहून? पाणी काय चालून येते का?"

मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण तिनं समुद्राकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अकरा वर्षं हेच पाहाले येतं तू? मले वाटे, कोणी माणूस-गिणूस असन. म्हटलं, असू दे, लपून का होईना, आहे तर कोणीतरी. इथं तर काहीच नाही वं."

तिच्या आवाजात चेष्टा असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिचा आवाज खरंच उतरला होता. अकरा वर्षं ती माझ्यासाठी मनात एक माणूस सांभाळून होती आणि तो आज नाहीसा झाला होता. मला तिची कीव आली नाही. मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझ्या आयुष्यातली एकमेव चांगली गोष्ट तिनं बसल्या जागी 'काहीच नाही' करून टाकली.

"बस मग इथंच," मी म्हटलं. "मी येईपर्यंत हलू नको."

आणि मी खडकांकडे निघून गेले. खोटं कशाला सांगू, भरतीची वेळ मला माहीत होती. आदल्या रात्री मालकिणीला मीच विचारली होती. ती मी विसरले की मला ती सांगायची नव्हती, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

खडकावर बसल्यावर मी मागे पाहिलं नाही. किनाऱ्यावर बायकांची एक सहल आली होती, सगळ्यांच्या साड्या एकसारख्या, मोरपंखी. दहा-बारा जणी हात धरून साखळी करून पाण्यात जात होत्या. लाट आली की किंचाळून मागे, लाट गेली की पुन्हा पुढे. टोकाची एक जाडजूड बाई लाटेबरोबर पाण्यात बसली ती बसलीच. बाकीच्या तिला उठवायला ओढत होत्या, पण हसून हसून कोणाच्या हातात जोर राहिला नव्हता. शेवटी दोघी तिच्याच अंगावर पडल्या. त्यांच्यातली एखादी माझ्या खिडकीत आली असती तर मी तिला 'बसा' म्हणून झटकलं असतं. इथून बघताना मात्र मलाही हसू आवरेना. किती वेळ गेला मला माहीत नाही. पायाखालच्या खडकाला पाणी लागलं तेव्हा मी उठले आणि वळले.

आई जिथे बसली होती तिथे समुद्र होता.

मी धावले. चोपन्नाव्या वर्षी, साडी नेसून, ओल्या वाळूत. पाण्यात तिची एक चप्पल तरंगत होती, लाटेबरोबर पुढे येत होती आणि मागे जात होती. कांदाही होता. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून 'आई' म्हणून ओरडले. भांडण सोडून तिच्यासाठी असा आवाज मी किती वर्षांत काढला नव्हता. दिसेल त्याला विचारत सुटले, एक म्हातारी पाहिली का, डोक्याला दुपट्टा बांधलेली. लोक माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षं खिडकीच्या पलीकडून माझ्याकडे बघणाऱ्या माणसांसारखीच मी तेव्हा दिसत असणार.

ती वर, सुरूच्या झाडांखाली, चहाच्या टपरीसमोर लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. अनवाणी. साडी कमरेपर्यंत भिजलेली. हातात उकडलेल्या शेंगांचा कागद. ती मला केव्हापासून बघत होती कोण जाणे. मी समोर जाऊन उभी राहिले, मला दम लागला होता.

टपरीवाली माझ्यावरच घसरली. "तुम्हीच का यांची मुलगी? आजींना तीनदा सांगितलं, पाणी येतंय, उठा. उठेचनात. म्हणाल्या, मुलीनं सांगितलंय हलू नको. पाणी मांडीवर आलं तेव्हा मी आणि माझ्या सुनेनं ओढून आणलं त्यांना. काय माणसं असतात!"

जन्मात जिनं माझं एक ऐकलं नाही, तिनं ऐकलं ते हे.

"खोटं बोलते थे बाई," आई शेंग सोलत म्हणाली. "मीच उठून राहिली होती."

"आवाज का नाही दिला मला?" मी ओरडलेच. "मी तिकडे खडकावर होते. इथून दिसते ती जागा!"

"दिसते ना. पाहून राहिली होती मी तुले."

"मग?"

"हसून राहिली होती तू." तिनं दाणा तोंडात टाकला. दात नसल्यानं तो ती बराच वेळ घोळवत राहिली. "दुरून लई साजरी दिसून राहिली होती वं. म्हटलं, आवाज देला का जवळ येते, अन् मंग होते सुरू."

मी तिथेच वाळूत बसले. साडीची पर्वा केली नाही. मी रडले नाही, रडले असते तर बरं वाटलं असतं. मला पुन्हा रागच आला, कारण ते वाक्य माझं होतं. कट्ट्यावर बसून, फुटाळ्यावर बसून, या समुद्रावर अकरा वर्षं बसून मी जे कमावलं होतं, ते या बाईनं एका सकाळीत कमावलं आणि माझ्यावरच चालवलं. लोकांना लांबून बघणारी मी. मलाही जिला लांबूनच बघावं लागतं, जवळून मी सोसवत नाही, अशी कोणी कोणाच्या घरात असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि ते घर माझंच होतं.

"घरी मी अशी नसते का?" मी विचारलं.

"शेंगा खातं का?" ती म्हणाली.

मग आम्ही गावातल्या दुकानातून तिला नवीन चपला घेतल्या. तिला त्या टोचतात, हे तिनं मला तेव्हाच सांगितलं आणि अजूनही सांगते. उरलेले दोन दिवस ती सकाळी माझ्याबरोबर येत असे, पण टपरीवालीची लाल खुर्ची ती स्वतः निवडलेल्या जागी मांडून घेई, माझ्यापासून मोजून पन्नास पावलांवर. मी जवळ सरकले तर हातानं 'तिकडं जाय' म्हणे. तिथून ती दिवसभर माणसं बघायची. कोणाची बायको रुसली आहे, कोणाच्या सासूला इथे यायचंच नव्हतं, कोण कोणाशी खोटं हसतंय, हे सगळं रात्री मला सांगायची, आणि मला न दिसलेलं तिला दिसलेलं असायचं. चार दिवसांत दोन दिवस आम्ही भांडलो नाही. पन्नास पावलांवरून भांडता येत नाही.

नागपूरला परतल्यावर पुन्हा फिका चहा आणि जाड पोळी. मी बदलले वगैरे नाही. खिडकीत अजून ओरडते. फक्त कधी कधी दुपारी त्या कट्ट्यावर बसले असताना वर दवाखान्याच्या काचेकडे लक्ष जातं. तिथून खाली बघणाऱ्या कोणाला मी कशी दिसत असेन, असं मनात येतं, आणि मग डबा लवकर संपवते.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. मनाला लागलं असेल, नाहीतर बायको माहेरी गेली असेल. त्यानं स्वतःहून म्हटलं, "या वर्षी मी ठेवतो आईले. तू जाय बिनधास्त. चार काय, आठ दिवस जाय."

वर्षभर मी याच फोनची वाट पाहत होते. माझे चार दिवस मला परत मिळत होते, माझा खडक, माझी माणसं, आणि मागून बघणारं कोणी नाही. मी हो म्हणणार होते.

आई टीव्हीसमोर बसली होती. तिनं मानही वळवली नाही.

"त्याले सांग, मले नाही जमत," ती म्हणाली. "मी समुद्रावर चालली. तुले याचं असन तर ये."

फोनमध्ये भाऊ 'हॅलो, हॅलो' करत होता.

"पण खोल्या दोन सांगजो," ती म्हणाली. "रातभर तुह्यासंग एका खोलीत मले नाही जमत."